चलन बुडणार म्हणून ठेवी मोडायच्या का?

प्रश्न : माझं वय ४३. मी आणि माझे मिस्टर, दोघंही नोकरी करतो. गेली काही वर्षं ते मुक्त अर्थव्यवस्थेवर बोलणाऱ्या दोन-तीन जणांचे व्हिडिओ रोज ऐकतात. सरकारं नोटा छापत सुटली आहेत, व्याजदर कृत्रिम आहेत, बँका आतून पोकळ आहेत आणि आता थोड्याच दिवसांत सगळी चलनं कोसळणार, असं त्यांचं ठाम मत झालंय. सगळ्या मुदत ठेवी मोडून सोनं घेऊ म्हणतात. त्यात मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसेही आले. तिची फी दीड वर्षावर आली आहे. घराचं कर्ज अजून बरंच बाकी आहे, त्याचा व्याजदर बदलता आहे. मी म्हटलं, बँकेतला पैसा सुरक्षित असतो, सरकार पाठीशी असतं. त्यावर ते हसतात, म्हणतात तू भोळी आहेस. ठेवी दोघांच्या नावावर आहेत, मोडायला माझीही सही लागते. मला अर्थशास्त्र कळत नाही, म्हणून वाद घालता येत नाही. सही करू का? आणि ते म्हणतात ते खरं अर्थशास्त्र आहे की नुसतं घाबरवणं?
— एक वाचक

उत्तर :

ताई, सही करू नका. फीच्या पैशांवर तर अजिबात नाही. बाकीच्या ठेवींचं काय करायचं ते पुढे सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट ऐकायला कदाचित आवडणार नाही : तुमचे मिस्टर जे म्हणतात त्यातलं बरंचसं खरं आहे. मी स्वतः त्याच पंथाचा आहे. सरकारने बाजारात जितकी कमी लुडबुड करावी तितकं बरं, असं मानणारा. त्यामुळे मी त्यांना खोडून काढीन अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. माझं भांडण त्यांच्या अर्थशास्त्राशी नाही, त्यातून त्यांनी काढलेल्या तारखेशी आहे.

आधी जे खरं आहे ते. पैशाचा पुरवठा मालापेक्षा वेगाने वाढत राहिला की महागाई होते, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी आयुष्यभर मांडलं आणि त्याला इतिहासाचा भरभक्कम आधार आहे. व्याजदर कृत्रिम असतात हेही खरं. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने जून २०१४ ते जुलै २०२२ अशी आठ वर्षं आपल्याकडे पैसे ठेवणाऱ्या बँकांना उणे व्याज लावलं. म्हणजे पैसे ठेवणाऱ्यानेच वर पैसे मोजायचे. जपानने असला प्रकार मार्च २०२४ मध्ये थांबवला. माणसाला आजचे शंभर उद्याच्या शंभरापेक्षा नेहमीच जास्त हवेसे वाटतात, त्यामुळे खुल्या बाजारात असा दर आपण होऊन आला असता, हे मला तरी पटत नाही.

आणि याची झळ कोणाला बसते? बचत करणाऱ्याला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने प्रचंड कर्ज काढलं. ते स्वस्तात मिळावं म्हणून तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, १९४२ पासून दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा दर अडीच टक्क्यांवर बांधून ठेवला. युद्ध चालू होतं तोवर किमतींवरही सरकारी नियंत्रण होतं, त्यामुळे महागाई दबून राहिली. १९४६ मध्ये नियंत्रणं उठली आणि १९४७ या वर्षात महागाई सरासरी १४ टक्क्यांच्या वर गेली. रोख्यांवर व्याज मात्र तेच अडीच टक्के. ही गाठ सुटायला मार्च १९५१ उजाडलं. देशासाठी म्हणून रोखे घेतलेल्या माणसाला एकही हप्ता चुकला नाही, मुद्दल परत मिळालं, सगळं कागदोपत्री चोख. फक्त त्या पैशात येणारा माल कमी झाला होता. सरकारी कर्ज 'बुडतं' ते बहुतेक वेळा असं, आवाज न करता. तुमचे मिस्टर ज्या स्फोटाची वाट बघतात तसे स्फोटही झालेत, १९२३ मध्ये जर्मनीत, २००८ मध्ये झिम्बाब्वेत. पण ते अपवाद. नेहमीचा मार्ग हळूहळू झिजवण्याचा, आणि त्या झिजेवर उपाय करायचा तर तो वेगळा असतो, स्फोटावरचा वेगळा.

अठराव्या शतकात रिशार कांतियाँ नावाच्या एका व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट हेरली होती. नवा पैसा सगळ्यांच्या हातात एकदम येत नाही. तो ज्याच्याकडे आधी पोचतो तो जुन्या भावात खरेदी करून घेतो, आणि शेवटी पोचतो त्याच्या वाट्याला वाढलेले भाव येतात. पगारदार माणूस जवळजवळ नेहमीच रांगेच्या शेवटाकडे. तुम्ही दोघं नोकरी करता, तेव्हा मिस्टरांची चिडचिड कुठून येते हे समजून घ्या. ती निराधार नाही.

मग घोडं पेंड खातं कुठे? तर 'लवकरच' या शब्दापाशी.

नोव्हेंबर २०१० ची गोष्ट. फेडरल रिझर्व्हने नवा पैसा निर्माण करून रोखे खरेदी करण्याची मोठी नवी फेरी जाहीर केली, तेव्हा अर्थतज्ज्ञ आणि गुंतवणूकदारांच्या एका गटाने तिचे अध्यक्ष बेन बर्नांके यांना जाहीर पत्र लिहिलं : यातून चलनाची किंमत घसरण्याचा आणि महागाईचा धोका आहे, हे थांबवा. मला त्या पत्राबद्दल आदर आहे, त्यातला तर्क मी आजही नाकारणार नाही. पण झालं काय? फेडरल रिझर्व्हचा ताळेबंद, म्हणजे तिने घेतलेल्या रोख्यांची आणि इतर मालमत्तेची बेरीज, २००८ च्या उन्हाळ्यात १ लाख कोटी डॉलरहून कमी होता, तो २०१४ संपेपर्यंत साडेचार लाख कोटींच्या घरात गेला. आणि त्या दशकात अमेरिकेतली महागाई बहुतेक काळ दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीच राहिली. पत्र वाचून ज्यांनी सगळं किडुकमिडुक सोन्यात घातलं, त्यांना २०११ मध्ये औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) १,९०० डॉलरचा भाव दिसला आणि २०१५ च्या अखेरीला १,०५० च्या आसपासचा.

कारण नंतर सगळ्यांना कळलं, तसं ते नेहमी नंतरच कळतं. नव्याने निर्माण झालेला पैसा बँकांच्या फेडरल रिझर्व्हमधल्या खात्यांतच पडून राहिला. ऑक्टोबर २००८ पासून त्या शिलकीवर बँकांना व्याजही मिळू लागलं होतं, मग कर्ज देण्याची घाई कोणाला? पैसा 'छापला' होता, पण बाजारात फिरत नव्हता. २०२० मध्ये उलट झालं. अमेरिकी सरकारने लोकांच्या खात्यात थेट रकमा टाकल्या, लोकांच्या हातातला आणि ठेवींमधला पैसा एका वर्षात पाव हिश्श्याहून जास्त वाढला, आणि जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. फ्रीडमन यांचा सिद्धान्त खरा ठरला. पण २०१० मध्ये इशारा देणाऱ्यांना बारा वर्षं थांबावं लागलं. आणि गंमत बघा, २०२१ मध्ये 'ही महागाई तात्पुरती आहे' असं सांगणारे मध्यवर्ती बँकवालेही तितकेच तोंडघशी पडले. अलीकडचेही चुकले, पलीकडचेही.

मुक्त बाजारवाल्यांना याचं आश्चर्य वाटायला नको, कारण हे आमच्याच घरातलं शिकवणं आहे. मुक्त बाजाराचे मोठे पुरस्कर्ते फ्रेडरिक हायेक यांना १९७४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. स्टॉकहोमच्या भाषणात त्यांनी आपल्याच व्यवसायाचे कान उपटले. अर्थव्यवस्थेत लाखो-करोडो माणसांचे निर्णय गुंतलेले असतात, ते सगळं कोणा एकाला कळणं शक्य नाही, म्हणून अर्थशास्त्र फार तर घडामोडींचा ढाचा सांगू शकतं, नेमकं काय आणि कधी होईल ते नाही, असा त्या मांडणीचा गाभा. त्याच समारंभाच्या मेजवानीत ते असंही म्हणाले की अर्थशास्त्रासाठी असं पारितोषिक असावं का, असं मला आधी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, कारण त्याने एका माणसाला असा अधिकार मिळतो जो या विषयात कोणालाच असू नये. पारितोषिक हातात असताना हे बोलायला छाती लागते.

मध्यवर्ती नियोजन का फसतं, याचं हायेक यांचं उत्तर हेच : नियोजन करणाऱ्याला पुरेसं कळूच शकत नाही. आता मला सांगा, कार्यालयात बसलेल्या नियोजनकर्त्याला जे कळणं अशक्य, ते व्हिडिओ करणाऱ्याला कसं कळतं? व्याजदर किती असावा हे एक समिती ठरवू शकत नाही असं म्हणायचं, आणि त्याच दमात चलन कधी कोसळणार ते मला माहीत आहे असंही म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एका तोंडाने बोलता येत नाहीत. ज्याला हायेक पटला, त्याला ती तारीख पटूच नये. मिस्टरांशी वाद घालायचाच असेल तर इथून घाला. त्यांच्याच मैदानात.

आता सोनं. सोन्याला कमी लेखायचं कारण नाही. १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ तोडली, तोवर अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर होता. जानेवारी १९८० मध्ये तो ८५० झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात तर ४,००० च्या वर गेला. व्हिडिओवाले हे आकडे सांगतात, आणि आकडे खरे आहेत. जे सांगत नाहीत ते असं : जानेवारी १९८० मध्ये, सगळं जग महागाईने हवालदिल असताना, ज्याने ८५० ने सोनं घेतलं, त्याला तोच भाव पुन्हा बघायला जानेवारी २००८ उजाडलं. मधे १९९९ मध्ये भाव २६० डॉलरच्याही खाली गेला होता. त्या अठ्ठावीस वर्षांत अमेरिकेतल्या किमती अडीच पटीहून जास्त वाढल्या. म्हणजे महागाईपासून वाचायला घेतलेल्या सोन्याने त्या माणसाची निम्म्याहून जास्त खरेदीशक्ती खाल्ली. त्याचं अर्थशास्त्र चुकलं नव्हतं. त्याने भीतीच्या शिखरावर खरेदी केली, इतकंच.

शिवाय सोनं सरकारच्या हाताबाहेर आहे, हाही भ्रम. एप्रिल १९३३ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आदेशाने अमेरिकी नागरिकांना बहुतेक सोनं सरकारजमा करावं लागलं, औंसाला २०.६७ डॉलर दराने. ते गोळा झाल्यावर जानेवारी १९३४ मध्ये सरकारने भाव ३५ केला. फरक सरकारच्या खिशात. नागरिकांना पुन्हा मोकळेपणाने सोनं बाळगायला १९७४ चा शेवट यावा लागला. मालमत्तेच्या हक्कावरचा याहून उघड दरोडा लोकशाही देशात शोधून सापडणार नाही, असं माझं मत आहे. पण मुद्दा हा की सरकारवर विश्वास नाही म्हणून सोनं घेणाऱ्याने हाही प्रसंग लक्षात ठेवावा.

आता थोडं तुमच्याबद्दल. तुमचं 'सरकार पाठीशी असतं' हेसुद्धा जसंच्या तसं घेऊ नका. ठेवींना विमा असतो, पण त्याला मर्यादा असते, आणि मर्यादेपलीकडची रक्कम म्हणजे तुम्ही बँकेला दिलेलं कर्ज. २०१३ मध्ये सायप्रसच्या सर्वांत मोठ्या बँकेत एक लाख युरोच्या वरच्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रक्कम शेअरमध्ये बदलून टाकली गेली. माणूस झोपेतून उठला तो ठेवीदाराचा भागधारक होऊन. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात सुमारे ४,२०० कोटी डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद पडली. तिने स्वस्त व्याजाच्या काळात दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे घेऊन ठेवले होते. व्याजदर वाढले, नव्या रोख्यांवर जास्त व्याज मिळू लागलं, म्हणून जुन्या रोख्यांची किंमत पडली. सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या कागदानेच बँक बुडवली. तिथे सरकारने विम्याच्या मर्यादेपलीकडच्याही सगळ्या ठेवी वाचवल्या. त्या ठेवीदारांचं भलं झालं, पण पुढच्या बँकेच्या मोठ्या ठेवीदारांना 'बँक कशी आहे ते बघायची गरज नाही' हाही धडा मिळाला. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, याला मुक्त बाजार म्हणत नाहीत. तर, तुमच्या ठेवीवरच्या विम्याची मर्यादा किती आहे ते या आठवड्यात बँकेत विचारा. रक्कम त्याच्या वर असेल तर ती दोन बँकांत वाटा. मिस्टरांच्या भीतीतला हा भाग शंभर टक्के कामाचा आहे, आणि तो मान्य करून टाकलात तर पुढचं बोलणंही सोपं जाईल.

'भोळी' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. बाजार चालतो तो दोन्ही बाजूंच्या राजीखुशीवर. दोघांच्या कष्टाचा पैसा कुठे जावा हे एकाने ठरवायचं आणि दुसऱ्याने फक्त सही करायची, तर ते घरातलं नियोजन मंडळच झालं की! तुमची सही ही अडचण नाही, ती त्या व्यवहारातली दुसरी बाजू आहे. हे त्यांना हसत सांगा, पण सांगा.

प्रत्यक्षात काय करायचं? फीचा पैसा जिथे आहे तिथेच राहू दे, फीच्या तारखेच्या आधी मोकळा होईल इतक्या मुदतीत. दीड वर्षात सोनं दुप्पटही होईल आणि तिसऱ्या हिश्श्याने उतरेलही, कॉलेजला त्याच्याशी देणंघेणं नसतं. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे तो पैसा भावाच्या भरवशावर ठेवायचा नाही, हे कुठल्याही पंथाच्या माणसाला मान्य व्हावं.

कर्जाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तुमच्या घरात त्यावर कोणी बोलतच नाहीये. महागाई भडकणार असं मिस्टरांना खरंच वाटत असेल, तर तिच्यामागून व्याजदरही चढणार. स्थिर दराचं कर्ज असतं तर महागाईने ते आपोआप हलकं झालं असतं, आणि मी म्हटलं असतं, फेडायची घाई करू नका. तुमचा दर बदलता आहे. म्हणजे त्यांचं भाकीत खरं ठरलं तर पहिला फटका हप्त्याला बसणार. डोक्यावर बदलत्या दराचं कर्ज ठेवून सगळी बचत बिनव्याजाच्या धातूत घालणं, हे त्यांच्याच तर्काने उलटं आहे. घरखर्चाचे सहा महिने निघतील एवढी रक्कम हाताशी ठेवा, आणि फी सोडून जे उरेल त्यातला मोठा वाटा कर्जात भरा. त्यावर वाचणारं व्याज ही हमखास मिळकत आहे, चलन कोसळो की न कोसळो. आधी कर्जाच्या कागदात मुदतपूर्व परतफेडीला दंड आहे का तेवढं बघून घ्या.

राहिलं सोनं. फी, हाताशी ठेवायची रक्कम आणि कर्जात भरायचा भाग बाजूला काढल्यावर जे शिल्लक राहतं, त्यातला दहावा हिस्सा सोन्यात जाऊ द्या. फार तर सातवा. एकदम नको, वर्षभरात थोडं थोडं. आणि गुंतवणूक म्हणून घ्यायचं तर घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातला फरक, सांभाळायचा खर्च, शुद्धतेचा दाखला हे आधी विचारून. दागिना ही हौस आहे, ती वेगळ्या खात्यात धरा. हा हिस्सा मी तडजोड म्हणून सुचवत नाही. तुमचे मिस्टर बरोबर असण्याची शक्यता खरोखर आहे, आणि ते बरोबर ठरले तर घरात थोडं सोनं असलेलं बरं.

मिस्टरांना एक काम सांगा. ते ज्यांना ऐकतात त्यांचं भाकीत एका कागदावर लिहून काढा म्हणावं : काय होणार, कधीपर्यंत, आणि काय घडलं नाही तर आपण चुकलो असं मानायचं. तिसरी ओळ लिहिताना बहुतेकांचा हात अडखळतो. मग त्याच माणसांचे आठ-दहा वर्षांपूर्वीचे जुने व्हिडिओ शोधा आणि दोघांनी मिळून बघा. 'येत्या दोन वर्षांत' हे शब्द तेव्हाही आहेत का बघा. आणि व्हिडिओच्या खाली सोनं, नाणी किंवा सल्ल्याची वर्गणी विकायला ठेवली आहे का, तेही. असली तर त्यात गैर काही नाही, विकणाऱ्याने विकावं. घेणाऱ्याने मात्र तो विकतो आहे हे लक्षात ठेवून ऐकावं.